बी.एस्सी. नर्सिंग: अर्जापासून नोंदणीपर्यंत, नव्या विद्यार्थ्यांसाठी

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयातून मी बी.एस्सी. नर्सिंगची पदवी घेतली. बारावीपर्यंतचे माझे शिक्षण तालुक्याच्या गावी झाले आणि दहावीपर्यंतचे माध्यम मराठी होते. आमच्या घरात या क्षेत्रातले कोणी नसल्यामुळे अर्ज कसा भरायचा इथपासून वॉर्डात पहिल्या दिवशी कुठे उभे राहायचे इथपर्यंतची प्रत्येक गोष्ट मला विचारत विचारत शिकावी लागली, आणि विचारायला माणूस सापडला नाही तिथे चुका करून शिकावी लागली. दरवर्षी जून-जुलैत गावाकडच्या मुलामुलींचे आणि त्यांच्या पालकांचे मला फोन येतात. त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिले आहे. नियमांतील बारकावे दरवर्षी थोडेफार बदलतात, म्हणून हा लेख वाचून झाल्यावर त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावी, ही पहिली विनंती.

१. कोणता अभ्यासक्रम करायचा, हे आधी ठरवा

'नर्सिंग करायचे आहे' एवढे सांगून भागत नाही, कारण या एका शब्दाखाली निरनिराळे अभ्यासक्रम येतात. ए.एन.एम. हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून तो मुख्यतः गावपातळीवरील आरोग्यसेवेसाठी आहे. जी.एन.एम. हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम आहे. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची, आठ सत्रांची पदवी आहे आणि आपल्या राज्यात तिच्या परीक्षा प्रामुख्याने आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते. ए.एन.एम. आणि जी.एन.एम. यांच्या परीक्षा विद्यापीठाकडे नसून राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे असतात. हा फरक लक्षात न आल्याने पदवीला प्रवेश घेतला असे समजून पदविकेच्या वर्गात बसलेली एक मुलगी मला माहीत आहे. एकाच इमारतीत दोन्ही अभ्यासक्रम चालत असल्यामुळे असे होऊ शकते. म्हणून पावतीवर आणि प्रवेशपत्रावर अभ्यासक्रमाचे पूर्ण नाव पाहूनच पैसे भरावेत.

जी.एन.एम. झालेल्यांनाही पुढे दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करता येते. त्यामुळे यंदा पदवीला जागा मिळाली नाही तर दार कायमचे बंद झाले, असे समजू नये.

२. पात्रता स्वतः तपासून घ्या

बारावी विज्ञान शाखेतून, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय घेऊन उत्तीर्ण झालेले असावे लागते. खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के गुणांची अट आहे. अन्य प्रवर्गांची सवलत माहितीपुस्तिकेत दिलेली असते. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण झालेली असली पाहिजेत. गणित घेतले होते की नाही याला इथे महत्त्व नाही, मात्र जीवशास्त्र नसेल तर या पदवीचा मार्ग बंद होतो. अकरावीला विषय निवडतानाच हे ध्यानात घ्यावे.

मुलग्यांनाही हा अभ्यासक्रम करता येतो. काही महाविद्यालये केवळ मुलींसाठी आहेत, तेवढे पाहून पसंती द्यावी.

३. कागदपत्रे: इथेच सर्वाधिक मुले अडकतात

माझ्यावर आलेला प्रसंग आधी सांगते, म्हणजे या टप्प्यावर मी एवढा वेळ का घालवते आहे ते कळेल. माझ्याकडे नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र होते, चांगले लॅमिनेशन करून ठेवलेले. त्याची मुदत तीन महिन्यांपूर्वी संपली होती आणि ते ना माझ्या लक्षात आले, ना अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाच्या. कागदपत्र पडताळणीत ते नाकारले गेले, नवीन मिळेपर्यंत मुदत उलटली आणि पहिल्या फेरीत माझा विचार खुल्या प्रवर्गातून झाला. घराजवळचे महाविद्यालय त्या फेरीत गेले ते गेलेच.

त्यामुळे बारावीची परीक्षा संपल्यावर निकालाची वाट पाहत न बसता पुढील कागदपत्रे जमवायला लागावे.

• दहावी व बारावीची गुणपत्रिका आणि दहावीचे प्रमाणपत्र
• शाळा किंवा कनिष्ठ महाविद्यालय सोडल्याचा दाखला
• वय, अधिवास व राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र
• आरक्षणाचा लाभ घ्यायचा असल्यास जातीचे प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र
• लागू असल्यास मुदतीतील नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र, किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र
• कुटुंबाच्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला
• वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र
• मध्ये वर्ष वाया गेले असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र
• आधार कार्ड, आधारशी जोडलेले बँक खाते आणि एकाच वेळी काढून घेतलेली पासपोर्ट आकाराची भरपूर छायाचित्रे

यांतील अधिवास, उत्पन्न व नॉन-क्रिमीलेयर हे दाखले आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मिळतात. जून महिन्यात तिथे अर्जांचा ढीग लागतो, म्हणून मार्च-एप्रिलमध्येच अर्ज टाकावा. जात वैधता प्रमाणपत्र सर्वांत जास्त वेळ घेते. आजोबा-पणजोबांचे शाळेतील दाखले, जुन्या महसुली नोंदी असे पुरावे शोधावे लागतात. जिल्हा जात पडताळणी समितीकडे हा अर्ज बारावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत करता येतो. ज्या घरात काका, आत्या किंवा चुलत भावंडांपैकी कोणाची वैधता आधीच झाली आहे, तिथे त्या प्रमाणपत्राची प्रत जोडल्यास काम पुष्कळ सोपे होते.

नावाकडे विशेष लक्ष द्यावे. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो आणि आधार कार्डावर बहुधा उलटा असतो. क्रमातील फरक चालून जातो, परंतु इंग्रजी स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरक पुढे शिष्यवृत्तीत, पदवी प्रमाणपत्रावर आणि नोकरीसाठी परदेशी जायचे झाल्यास पासपोर्टवर त्रास देतो. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव प्रमाण मानून बाकीची कागदपत्रे आत्ताच त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावीत.

सर्व कागदपत्रांच्या साक्षांकित प्रतींचे किमान पाच संच करावेत, आणि मूळ कागद जिथे जमा कराल तिथून पोच घेतल्याशिवाय निघू नये.

४. प्रवेश परीक्षा

राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षातर्फे बी.एस्सी. नर्सिंगसाठी स्वतंत्र सीईटी घेतली जाते. ती संगणकावर होते. १०० गुणांचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंग अभिरुची या पाच भागांना प्रत्येकी २० गुण आहेत. चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

बहुतेक मुले जीवशास्त्रावर भर देतात आणि इंग्रजी-अभिरुचीकडे पाहतही नाहीत. या दोन भागांचे मिळून ४० गुण होतात. बारावीचे इंग्रजीचे व्याकरण आणि उतारावाचन महिनाभर रोज अर्धा तास केले, तरी त्यात लक्षणीय फरक पडतो. शिकवणीला हजारो रुपये भरण्याची गरज मला तरी वाटली नाही.

५. महाविद्यालय पारखताना

कोणतेही महाविद्यालय पसंतीत टाकण्यापूर्वी दोन गोष्टी कागदावर पाहाव्यात. त्या वर्षासाठी विद्यापीठाची संलग्नता आहे का, आणि भारतीय परिचर्या परिषद व महाराष्ट्र परिचर्या परिषद यांची मान्यता आहे का. संस्थेच्या माहितीपत्रकावरील बोधचिन्हांवर विसंबून राहू नये. मान्यताप्राप्त संस्थांच्या याद्या या यंत्रणांच्या संकेतस्थळांवर असतात, तिथे संस्थेचे नाव आणि जागांची संख्या पडताळून घ्यावी.

त्यानंतर शक्य असल्यास प्रत्यक्ष जाऊन यावे. इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय ते स्वतः दाखवतीलच. तुम्ही रुग्णालय पाहण्याचा आग्रह धरा. नर्सिंग हे रुग्णाच्या खाटेशेजारी शिकायचे शास्त्र आहे, आणि ज्या रुग्णालयात खाटा आहेत पण रुग्ण नाहीत, तिथे चार वर्षे काढूनही हाताला सवय लागत नाही. सकाळी आठच्या सुमारास, पाळी बदलते त्या वेळी, वॉर्डाच्या दारात पंधरा मिनिटे उभे राहिले तरी पुष्कळ कळते. रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला खाटेखाटेपाशी जाऊन रुग्ण सोपवते आहे का, विद्यार्थी त्या घोळक्यात आहेत का की कुठे कोपऱ्यात बसून वह्या पूर्ण करत आहेत, हे पाहावे. तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींशी बोलावे. 'प्रसूतीच्या केसेस इथेच मिळतात की बाहेर जावे लागते?' हा एक प्रश्न विचारला, तरी त्यांच्या उत्तरातून बाकीचे आपोआप समजते.

माझ्या मते मोठ्या शहरातील दिमाखदार पण रिकाम्या रुग्णालयापेक्षा जिल्ह्याच्या ठिकाणचे गर्दीचे रुग्णालय जोडलेले महाविद्यालय कधीही बरे. वसतिगृहापासून रुग्णालय किती अंतरावर आहे आणि पहाटे-रात्री ने-आण कशी होते, हेही पालकांनी विचारावे.

६. पसंतीक्रम आणि प्रवेश फेऱ्या

सीईटी दिली म्हणजे प्रवेशाचा अर्ज झाला, असा पुष्कळांचा समज असतो. तसे नाही. निकालानंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेसाठी वेगळी नोंदणी करावी लागते, कागदपत्रे चढवावी लागतात, शुल्क भरावे लागते आणि मग पसंतीक्रम द्यावा लागतो. दरवर्षी चांगले गुण असलेली काही मुले केवळ या गैरसमजामुळे बाहेर राहतात.

पसंतीक्रम तुमच्या खऱ्या आवडीच्या क्रमानेच लावा. 'हे मिळणार नाही, म्हणून खाली टाकू' असा हिशेब करू नका, कारण यादी वरून खाली तपासली जाते आणि वरची जागा न मिळाल्याने खालच्या जागेवरचा हक्क जात नाही. मात्र जिथे जायचेच नाही असे महाविद्यालय यादीत टाकू नका. जागा मिळूनही हजर न झाल्यास पुढील फेऱ्यांत काय होईल, याचे नियम त्या वर्षीच्या पुस्तिकेत फेरीनिहाय दिलेले असतात. अर्ज स्वतः भरा. केंद्रचालकाकडून भरून घ्यायचाच असेल, तर मोबाईल क्रमांक आणि ई-मेल पत्ता तुमचाच द्या आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून ठेवा. माझ्या वर्गातील एका मुलीचा सगळा पत्रव्यवहार केंद्रचालकाच्या क्रमांकावर जात होता आणि तिला जागा मिळाल्याचे हजर होण्याच्या शेवटच्या दिवशी कळले.

७. शुल्क आणि शिष्यवृत्ती

खाजगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते संस्थानिहाय प्रसिद्ध केले जाते. तो आकडा लिहून घेऊन मगच कार्यालयात जावे. वसतिगृह, खानावळ, गणवेश, प्रवास यांचा खर्च त्याहून निराळा असतो आणि तो लेखी मागून घ्यावा. पावती न देता मागितलेली कोणतीही रक्कम देऊ नये.

शासनाच्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचे असतात. अनुसूचित जाती-जमातींसाठी पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता या योजना तिथे सापडतात. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळते. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो, संस्था पातळीवरील कोट्यातून घेतलेल्या जागेला ती लागू होत नाही. 'थेट प्रवेश देतो, फेऱ्यांची वाट कशाला पाहता' असे कोणी म्हणाले, तर आपण कशावर पाणी सोडतो आहोत ते आधी मोजावे.

शिष्यवृत्तीचा अर्ज एकदा भरून संपत नाही. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होतात. खाते आधारशी जोडलेले आहे म्हणजे नेमके कोणत्या बँकेचे, हे तपासून घ्यावे. माझी पहिली रक्कम आईने पूर्वी कधीतरी उघडून दिलेल्या आणि विसरून गेलेल्या खात्यात पडून होती.

८. पहिल्या पंधरवड्यातील कामे

प्रवेश झाल्यावर महाविद्यालयामार्फत विद्यापीठाकडे पात्रतेचा अर्ज जातो. राज्य मंडळाखेरीज अन्य मंडळातून बारावी झालेल्यांनी स्थलांतर प्रमाणपत्र लगेच मागवावे. त्यावाचून पात्रता अडते आणि पात्रता अडली की परीक्षेचा अर्ज अडतो.

वॉर्डात पाऊल टाकण्यापूर्वी हिपॅटायटिस बी ची लस सुरू करावी. तिचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. म्हणजे संरक्षण पूर्ण व्हायला अर्धे वर्ष जाते, म्हणून उशीर करू नये.

सामान फार लागत नाही. सेकंदकाटा असलेले घड्याळ, स्टेथोस्कोप, खिशातील वही, निळे-काळे-लाल पेन, छोटी बॅटरी, मोजपट्टी, आवाज न करणारे पुढून बंद बूट आणि गणवेशाचे निदान दोन जोड एवढे पुरे. डिजिटल घड्याळ घेऊ नका, नाडी मोजताना काटा सरकताना दिसावा लागतो. जाडजूड पुस्तकेही पहिल्याच आठवड्यात घेऊ नयेत. वरच्या वर्गातील मुली आपली पुस्तके निम्म्या किमतीत देतात आणि त्यांत महत्त्वाच्या जागी खुणाही केलेल्या असतात.

९. पहिले सत्र आणि इंग्रजी

पहिल्या सत्रात शरीररचना, शरीरक्रिया, समाजशास्त्र, मानसशास्त्र, संवादाचे इंग्रजी आणि नर्सिंग फाउंडेशनचा पहिला भाग असतो. शिकवणे आणि परीक्षा इंग्रजीतून होतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींपैकी अर्ध्याजणी पहिल्या महिन्यात रात्री उशीत तोंड खुपसून रडतात. मीही रडले आहे. वर्गात मॅडम काय बोलत आहेत ते कळायचे, पण उत्तर लिहायला घेतले की पहिल्या वाक्यालाच हात थांबायचा.

मला ज्याचा उपयोग झाला ते सांगते. रोज एक व्याख्या पाठ करून, पुस्तक मिटून लिहायची. आकृती काढून नावे द्यायची. शरीररचनेच्या उत्तरात नीट नावे दिलेली आकृती अर्धे काम करते आणि तिला व्याकरण लागत नाही. तोच विषय मराठीतून एकमेकींना समजावून सांगणे हा आम्ही चौघींनी लावून घेतलेला नियम होता. हृदयातून रक्त कसे फिरते हे ज्या दिवशी मी आईला फोनवर मराठीत समजावून सांगू शकले, त्यानंतर ते इंग्रजीत लिहिणे मला कधी जड गेले नाही. तीन महिन्यांत फरक जाणवतो आणि दुसऱ्या सत्रापर्यंत भीती जाते.

वॉर्डातील लघुरूपे मात्र पहिल्याच आठवड्यात पाठ करावीत. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. म्हणजे दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एस.ओ.एस. म्हणजे गरज पडल्यास, स्टॅट म्हणजे आत्ता लगेच. इथे घोटाळा झाला तर त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

१०. वॉर्डातील पहिले दिवस

पहिले काही आठवडे कौशल्य प्रयोगशाळेत पुतळ्यांवर सराव होतो. हात धुणे, खाट लावणे, स्पंज बाथ, तापमान-नाडी-श्वसन मोजणे, रक्तदाब घेणे. हे किरकोळ वाटते आणि काहींना कमीपणाचेही वाटते. 'एवढे शिकून चादरी घालायच्या का?' असे माझ्या मामांनी विचारले होते. चादरीला एक सुरकुती राहिली आणि तिच्यावर अशक्त म्हातारा माणूस कूस न बदलता पडून राहिला, की काही तासांत कंबरेवर लाल चट्टा उठतो आणि त्याची पुढे शय्याव्रणाची जखम होते. अशी एक जखम ड्रेसिंग करताना पाहिली, की चादर ताणून घेण्याचे महत्त्व कोणाला पटवून द्यावे लागत नाही.

मेडिसिन वॉर्डातील माझा तिसरा दिवस मला स्वच्छ आठवतो. एका आजींची नाडी मी पंधरा सेकंद मोजली, चारने गुणले आणि तक्त्यावर ८८ लिहिले. इन्चार्ज सिस्टरांनी मला परत खाटेपाशी नेले आणि म्हणाल्या, "पूर्ण एक मिनिट मोज, आणि मोजताना माझ्याशी बोलू नकोस." या वेळी मला जाणवले की ठोके मध्येच चुकत होते, दोन भरभर आणि मग एक पोकळी. पंधरा सेकंदांत ती पोकळी माझ्या बोटांखालून निसटली होती. त्याच दिवशी मी आजींना पाणी पाजले आणि पाजल्याचे तक्त्यावर लिहिले नाही. त्यांचे पाणी मोजून द्यायचे होते. दुपारी सिस्टरांनी विचारले, "किती प्यायल्या?" मी सांगितले, "एक पेला, दीडशे मिली." त्यांनी तक्ता माझ्यासमोर धरला. "इथे तर काहीच नाही. म्हणजे संध्याकाळची सिस्टर त्यांना पुन्हा पाजणार." त्या रागावल्या नाहीत, माझ्या हाती पेन दिले आणि वेळेसह नोंद करायला लावली. या व्यवसायात जे लिहिले नाही ते केलेच नाही असे धरतात. औषध देताना योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ हे पाच तपासायचे आणि सहावी योग्य नोंद, तीही औषध दिल्यानंतरच, आधी कधीही नाही.

आणखी तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळाव्यात. सुईला टोपण परत लावू नये, कारण सुई टोचण्याचे प्रसंग तेव्हाच फार घडतात. टोचलीच तर लपवू नये. साबण व वाहत्या पाण्याने धुवावे, जखम पिळू नये आणि लगेच सांगावे. एच.आय.व्ही. प्रतिबंधक औषधे द्यायची ठरल्यास ती जितक्या लवकर तितकी उपयोगी पडतात आणि ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. 'मॅडम ओरडतील' या भीतीने गप्प बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून हे कळकळीने लिहिते आहे. दुसरे, कचऱ्याचे रंग चुकवू नयेत: रक्त लागलेला कापूस-बँडेज पिवळ्यात, सलाईनच्या नळ्या व प्लास्टिक लाल पिशवीत, सुया-ब्लेड पांढऱ्या टणक डब्यात, काच निळ्यात. तिसरे, वॉर्डातील मावशी आणि मामा यांच्याशी आदराने वागावे. कोणती वस्तू कुठे आहे आणि कोणता रुग्ण रात्रभर झोपला नाही, हे त्यांच्याकडून सर्वांत आधी कळते.

११. हजेरी, लॉग बुक आणि परीक्षा

परीक्षेला बसण्यासाठी तासिका आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत किमान ८० टक्के हजेरी लागते. पदवी मिळण्यापूर्वी प्रत्येक क्लिनिकल विभागातील हजेरी मात्र १०० टक्के भरून काढावी लागते. घरी लग्न असो वा आजारपण, चुकलेली ड्यूटी नंतर भरावीच लागते आणि ती बहुधा सुट्टीत भरावी लागते. अंतर्गत गुणांतही हजेरीचे गुण आहेत, आणि ८० ते ८४ टक्क्यांत २ पैकी अर्धाच गुण पदरात पडतो.

उत्तीर्ण होण्यासाठी लेखी आणि प्रात्यक्षिक या दोन्हींत स्वतंत्रपणे ५० टक्के गुण लागतात, इंग्रजीला ४० टक्के पुरतात. मागे राहिलेले विषय साचू देऊ नयेत. पाचव्या सत्राच्या परीक्षेला बसण्यापूर्वी आधीचे सर्व विषय सुटलेले असावे लागतात, आणि सातव्या व आठव्या सत्रांपूर्वीही तीच अट आहे. संपूर्ण अभ्यासक्रम पूर्ण करण्यासाठी जास्तीत जास्त ८ वर्षे मिळतात.

लॉग बुक हा सर्वांत दुर्लक्षित कागद आहे. तुम्ही केलेली प्रत्येक प्रक्रिया तारखेसह लिहून तिथल्या तिथे सही घ्यायची असते. 'महिनाअखेर एकदम घेऊ' म्हटले की सही करणारी सिस्टर बदलून गेलेली असते आणि केलेले काम पुन्हा करावे लागते. माझ्या तीन प्रसूतींच्या नोंदी अशाच गेल्या आणि त्या भरून काढायला मी सहाव्या सत्राच्या सुट्टीत आठ रात्री प्रसूतिगृहात काढल्या.

मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगसाठी अनेक महाविद्यालये विद्यार्थ्यांना नागपूर, पुणे, ठाणे किंवा रत्नागिरी येथील शासकीय मनोरुग्णालयांपैकी एकात पाठवतात. तेव्हा राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा, हे त्या वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून थोडे पैसे बाजूला ठेवावेत. सामुदायिक आरोग्याच्या पोस्टिंगला गावात घरोघरी जावे लागते. तिथल्या आशाताई आणि अंगणवाडीताई सोबत असतील तर दारे उघडतात, एकट्याने गेल्यास ओसरीवरूनच परत यावे लागते.

१२. शेवटचे सत्र आणि नोंदणी

आठव्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप असते, आठवड्याला ४८ तास: प्रौढांच्या विभागात ६ आठवडे आणि सामुदायिक आरोग्य, बालरुग्ण, मानसिक आरोग्य व प्रसूती या विभागांत प्रत्येकी ४. या काळात पाळ्या नेहमीच्या सिस्टरांसारख्याच लागतात. अभ्यासाचे दडपण कमी असते, म्हणून शासकीय भरतीच्या परीक्षांची तयारी इथेच सुरू करता येते.

निकाल लागला म्हणजे काम करायला मोकळे झालो, असे होत नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे परिचारिका व प्रसाविका म्हणून नोंदणी झाल्याखेरीज रुग्णालयात अधिकृतपणे काम करता येत नाही. त्यासाठी सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र, महाविद्यालयाचे पत्र आणि ओळखपत्रे लागतात. निकालानंतर महाविद्यालय सोडण्याआधीच प्राचार्यांच्या सह्या असलेले सर्व कागद आणि कोणत्या वर्षी किती तास शिकवले याचा तपशील देणारी ट्रान्स्क्रिप्ट घेऊन ठेवावी. परराज्यात किंवा परदेशी जाताना हाच तपशील पुन्हा मागतात, आणि दोन वर्षांनी तो काढायला गेल्यास जुनी रजिस्टरे शोधण्यात आठवडे जातात. नोंदणीचे दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, त्यासाठी सतत शिक्षणाचे ठरावीक तास भरावे लागतात. म्हणून नोकरी लागल्यावर प्रत्येक कार्यशाळेचे प्रमाणपत्र त्याच फायलीत लावत जावे, ज्या फायलीत तुम्ही बारावीनंतर पहिला अधिवासाचा दाखला लावला होता.